आमटी पातळ होऊ नये म्हणून

महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली, की आपल्याकडच्या पुष्कळ घरांत एक गोष्ट घडते. ती कुणी ठरवून करीत नाही आणि तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही. आमटीत पाणी वाढते. डाळीचा डबा तळाला गेलेला असतो, नवी डाळ पगाराखेरीज यायची नसते. मग वाटीऐवजी पाऊण वाटी डाळ शिजते आणि तिखट-मीठ थोडे चढे घालून वेळ मारून नेली जाते. वाढताना मुलांसाठी नि घरधन्यासाठी पळी तळातून जाते. सगळ्यांच्या मागून जी बसते तिच्या वाटीत वरचे पाणी येते. "आज कालवण जरा पातळच झालंय," एवढे म्हणून ती भाकरी कुसकरते.

आणि याच महिन्यात, पहिल्या आठवड्यातल्या एखाद्या रविवारी, हेच घर हौसेने बाहेर जेवून आलेले असते. मुलांनी पनीर मागितलेले असते, वर थंड पेय, वर आइस्क्रीम. त्या एका जेवणाच्या पैशांत किती डाळ आली असती हा हिशेब त्या वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही. यावा अशी अपेक्षाही नाही. मी हॉटेलाविरुद्ध बोलायला बसलो आहे असे मात्र समजू नका. चुलीपुढून एक संध्याकाळ सुटका व्हावी असे घरच्या बाईला वाटले, तर त्यात वावगे काय? सांगायचे आहे ते इतकेच, की बाहेर जेवा किंवा वाण्याकडून आणून घरी जेवा, स्वस्त काय नि महाग काय हे ताटाच्या किमतीवरून ठरत नाही. ताटात डाळ-कडधान्य किती पडले यावरून ते ठरते.

भाव रोज बदलतात, म्हणून मी रुपयांत बोलत नाही, वजनात बोलतो. रुपये तुमचे तुम्ही घाला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बेताचे काम करणाऱ्या माणसाला, म्हणजे दिवसाला २००० कॅलरी पुरतात अशाला, त्यांनी साधारण २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य सांगितले आहे. डाळीच्या जागी अंडी-मटण खाणाऱ्याने तेवढ्यापुरते ते धरावे. भाजी ४०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर हेही त्यात आहेच. आता घरात दोन मोठी नि तीन मुले आहेत असे धरा. मुलांचे थोडे कमी धरले तरी महिन्याला धान्य तीस किलोच्या आसपास लागते आणि डाळी-कडधान्ये दहा किलोच्या आसपास. दहा किलो! तुमच्या घरी महिन्याच्या यादीत तूर, मसूर, मूग, हरभरा, मटकी मिळून किती किलो असतात, ते आज एकदा बघा. चार? पाच? बहुतेक ठिकाणी उत्तर तेवढेच येईल.

गंमत अशी, की धान्याची बाजू आता पुष्कळ घरांत सावरलेली आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. पूर्वी गव्हाला किलोमागे २ रुपये आणि तांदळाला ३ रुपये पडत. १ जानेवारी २०२३ पासून तेही पडत नाहीत, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढली पाच वर्षे हे धान्य मोफतच द्यायचे ठरले आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो गहू-तांदूळ आले. तीस किलोंपैकी पंचवीस! राहता राहिली पाच-सहा किलो ज्वारी. आता प्रश्न असा, की धान्यावरचा जो पैसा वाचला तो कुठे जातो? तो डाळीच्या डब्यात जायला हवा. तो जातो मात्र बिस्किटांच्या पुड्यात, वेफर्समध्ये, मोबाइलमध्ये. कुठे जातो ते कळतही नाही.

डाळीवर मी इतका भर देतो याला कारण आहे. नुसती भाकरी किंवा नुसता भात खाल्ला, तर त्यातली प्रथिने अंगी पुरती लागत नाहीत, कारण धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो, आणि डाळीत जे कमी ते धान्यात असते. भाकरी-आमटी, वरण-भात, पिठले-भाकरी या जोड्या आपल्या पणज्यांनी शास्त्र वाचून लावल्या नव्हत्या, पण जोडी बरोबर लागली आहे. दुसरे कारण लोहाचे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात चौपन्न जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याचे सगळे खापर पातळ आमटीवर फोडता येणार नाही, त्याला इतरही कारणे आहेत. पण मागून जेवणाऱ्या बाईच्या वाटीकडे बघावे असे हा आकडा सांगतो खास.

आता हॉटेलाकडे वळू.

पुणे-बंगळूर हमरस्त्याने तुम्ही साताऱ्याहून कराडकडे निघालात आणि पुढे पेठ नाक्यापर्यंत गेलात, तर ढाब्यांच्या पाट्यांवर एक नाव पुनःपुन्हा दिसेल: अख्खा मसूर. इस्लामपूर, म्हणजे २०२५ साली ज्याचे नाव ईश्वरपूर झाले ते गाव, आणि कराड हा या पदार्थाचा मुलूख. खरोखरीच अख्खी, न भरडलेली मसूर. कांदा, टोमॅटो, आले-लसूण आणि आपला कांदा-लसूण मसाला घालून दाटसर केलेली. वर कोथिंबीर, सोबत मोठी रोटी नि चिरलेला कांदा. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले, की त्यांना मुद्दाम खायला न्यावे इतका तिचा लौकिक झाला आहे. पण मला तिचे कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटते. मसूर ही बहुतेक वर्षी तुरीपेक्षा स्वस्त असते. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरीत बावीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने आणि सात मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. हॉटेलाच्या फळ्यावर सगळ्यांत स्वस्त ओळींपैकी ती एक, आणि अंगी लागण्याच्या दृष्टीने पहिल्या प्रतीची. असे हॉटेलात सहसा घडत नाही.

तेव्हा पाच जण ढाब्यावर बसलात तर पनीरच्या दोन प्लेटी मागवण्याऐवजी मसुरीच्या तीन प्लेटी मागवा, रोट्या किंवा भाकऱ्या मागवा, कांदा-लिंबू मागवा. मुलांची फार इच्छा असली तर पनीरची एक प्लेट मध्ये ठेवा. पोरांचे मन मोडून बचत करू नये. लिंबू मात्र विसरू नका, ते नुसते चवीसाठी नसते. डाळीतले लोह अंगी लागायला आंबट रसाची मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्या. हा सल्ला आमच्या घरी कुणी मानत नाही, तरी सांगून ठेवतो.

याहून स्वस्त अशी एक मधली वाट आहे, ती फार थोडे लोक वापरतात. हॉटेलातून कालवण तेवढे बांधून आणायचे आणि भाकरी-भात घरी करायचा. हॉटेलात रोटी-भाताचे पैसे नगावर लागतात, आणि पाच माणसांच्या रोट्या म्हणता म्हणता कालवणाइतक्या होतात. रोटीत असते काय? गहू किंवा मैदा. गहू तर तुमच्या डब्यात रेशनचा पडलेला आहे! चव हॉटेलची, भाकरी घरची, आणि मसाला वाटायची खटपट वाचली.

बिल हातात आले की दोन ओळी वाचायच्या. एक कराची. साध्या हॉटेलातल्या जेवणावर नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी आहे. पण कंपोझिशन योजनेत नाव नोंदवलेल्या लहान हॉटेलांना तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. त्यांच्या पावतीवर तसे लिहिलेले असते. दुसरी ओळ सेवा आकाराची, म्हणजे सर्व्हिस चार्जची. हा कर नव्हे. तो बिलात आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते योग्य ठरवले. आपल्याकडच्या ढाब्यांवर ही ओळ क्वचितच दिसते. दिसली तर नम्रपणे म्हणावे, "एवढं कमी करून द्या."

खानावळीची गोष्ट थोडी निराळी. खानावळ म्हटली की आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या माणसांना मुंबईचे गिरणगाव आठवते. सातारा-सांगलीकडचे हजारो बापये एकटे गिरणीत जात, बायकापोरे गावी असत, आणि त्यांच्या पोटाची सोय महिनेवारी खानावळ चालवणाऱ्या बायका करीत. या बायकांना धान्य वाण्याकडून उधार घ्यावे लागे, पैसा सावकाराकडून व्याजाने आणावा लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते या उधारीच्या फासातून सोडवण्यासाठी. ही गोष्ट अशासाठी सांगितली, की खानावळीचे अर्थशास्त्र तुमच्या-माझ्या घरासारखेच असते. तिथेही गॅस, भाडे नि कामवालीचा पगार ठरलेला असतो. तो कमी करता येत नाही. गिऱ्हाईक दर वाढू देत नाही. मग कमी काय होते? आमटीतली डाळ. म्हणून महिन्याची खानावळ लावताना किंवा मुलासाठी डबा ठरवताना नुसता दर विचारू नका. एक दिवस पैसे देऊन जेवा, वाटी थोडी तिरकी करा नि तळाशी डाळ किती बसते ते बघा. दहा-वीस रुपये जास्त मागणारी बाई पुष्कळदा स्वस्त पडते.

सरकारनेही गरिबाचे ताट ठरवताना डाळ सोडली नाही. १९९५ साली महाराष्ट्रात एक रुपयात झुणका-भाकर निघाली. झुणका म्हणजे शेवटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठच. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तिच्यात तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅम भात असे मापच लिहून दिलेले होते. मला त्या योजनेतली ही मापाची ओळ सगळ्यांत आवडली. हॉटेलांच्या फळ्यावर असे माप कधी येईल काय?

खानावळीचा विषय निघाला आणि साताऱ्याच्या वसतिगृहाचे नाव घेतले नाही तर बरे दिसणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्याला हलवले. तिथल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. धान्य संपले, पैसा नाही, अशी वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. पंगत चालू राहिली.

आता प्रवासातल्या जेवणाचे. आपल्या भागात घरच्या घरी सगळे बाहेरगावी जाऊन राहण्याचा प्रसंग बहुधा लग्नकार्याचा नाहीतर दवाखान्याचा. मिरजेला डॉक्टर वॅन्लेस यांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केले, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे गाव झाले आहे. जतकडून, आटपाडीकडून, कर्नाटकातून माणसे येतात. रोगी एक आणि सोबतीला तिघे-चौघे. इलाजाच्या खर्चाची तयारी करून आलेली असतात, जेवणाच्या खर्चाची नसते. पहिल्या दोन दिवसांत तीन वेळा वडापाव, चहा आणि एक वेळ राइस प्लेट असे होते, चौथ्या दिवशी पैसा नि पोट दोन्ही बिघडतात. तुमच्यावर असा प्रसंग आला तर निघताना घरून दोन दिवसांच्या ज्वारीच्या भाकऱ्या किंवा दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे बांधून घ्या. तिथे विकत घ्यायचे ते फक्त दही, काकडी, केळी नि उकडलेली अंडी. मुक्काम वाढला तर खोली घेताना गॅसची सोय आहे का हे आधी विचारा. चार दिवसांवर राहायचे असेल तर थोडे जास्त भाडे देऊनही अशीच खोली परवडते. पिठले करायला लागते किती? मूठभर बेसन आणि दहा मिनिटे. सोबतीला राहिलेली आई किंवा बायको यांनी नीट जेवलेच पाहिजे. रोग्याच्या उशाशी बसून चहावर दिवस काढणारी बाई पंधरा दिवसांत स्वतः आजारी पडलेली मी पाहिली आहे.

राहिला वाणी.

उधारीचे पुस्तक मोठे सोयीचे असते आणि म्हणूनच महाग असते. भाव विचारायची भीड पडते. दुसरीकडे दोन रुपये कमी असले तरी तिकडे जाता येत नाही. शक्य असेल तर निदान डाळी-कडधान्ये रोखीने घ्या, बाकीचे उधार राहू द्या. दुसरे, लहान पुड्या. दहा-दहा रुपयांचे मसाल्याचे नि तेलाचे पाउच वजनाच्या हिशेबात सहसा महाग पडतात. आता पाकिटावर एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापावा लागतो. अक्षर बारीक असते, चष्मा लावून वाचा. डाळ सुटी घ्यावी की पाकिटातली? १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के कर लागू झाला, सुट्या मालावर तो लागला नाही. सुटा माल निवडायला घटकाभर वेळ जातो, पण वाणी ओळखीचा असेल आणि डाळ मुठीत घेऊन बघता येत असेल, तर सुटीच बरी.

बेगमीची सवय मात्र पुन्हा लावून घ्यायला हवी. तूर निघते पौष-माघाच्या सुमारास, हरभरा नि शाळू त्यामागून. त्या दिवसांत बाजारात आवक असते. वर्षाचे नाही जमले तर तीन महिन्यांचे घ्या. दोन-तीन घरांनी मिळून एक पोते घेतले तरी चालेल. चांगले ऊन दाखवून, डबा कोरडा करून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवले की कीड लवकर लागत नाही. असा भरलेला डबा घरात असला, की वीस तारखेला आमटीत पाणी घालायची वेळ येत नाही.

आणि एक लक्षात आणून देतो. ज्या मसुरीचे मी एवढे गोडवे गायले, ती आपल्याकडे फारशी पिकत नाही. मध्य प्रदेशातून, उत्तर प्रदेशातून येते, काही कॅनडा-ऑस्ट्रेलियातूनही. आपल्या माण-खटावच्या आणि जतच्या माळावर पिकतात हुलगा नि मटकी. हुलग्याचे माडगे आजारी माणसाला नि थंडीत सगळ्यांना देत असत. आज "माडगं" म्हटले की शहरातली पोरे हसतात. हुलग्यातही प्रथिने मसुरीच्या जवळपासच असतात, आणि लोहही चांगले असते. शिवाय कोरेगावचा वाघ्या घेवडा आहेच. त्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून हे नाव, आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ढाब्यावर जी मसूर खाऊन तुम्ही खूष होता, त्याच मसाल्यात हा घेवडा घरी करून बघा. पाच माणसांना पाव किलो कोरडा घेवडा पुरतो. शिजून तो दुपटीहून जास्त होतो. तीन कांदे, दोन टोमॅटो, लसणाचा अख्खा गड्डा, दोन चमचे कांदा-लसूण मसाला. आंबट टोमॅटो आधी घालू नका, घेवडा मऊ झाल्यावर घाला. नाहीतर दाणा टणक राहतो. दोन पळ्या शिजलेले दाणे चेचून परत घातले, की रस्सा दाट होतो.

मात्र एक पथ्य. घेवडा कच्चा राहिला तर पोट बिघडते, उलट्याही होतात. म्हणून रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, सकाळी ते पाणी ओतून टाका, नवे पाणी घालून आधी चांगली दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळू द्या, आणि मग कुकरला लावा. दाणा बोटांनी सहज चिरडला गेला म्हणजे झाला. आणि वाढताना पळी प्रत्येकासाठी तळातून घाला, मागून बसणारीसाठीसुद्धा. किंवा सोपे म्हणजे, तिची वाटी सगळ्यांच्या आधी भरून झाकून ठेवा.